शेवटचे चार

पिओरियाला आले तेव्हा बर्फ होता
आणि मला नंबर नव्हता.
गॅसवाल्यांना हवा होता, फोनवाल्यांना हवा होता,
दातांच्या दवाखान्यात तर नावाच्याही आधी
नऊ रिकामे चौकोन.
मी तिथे आडवी रेघ मारायचे.
काउंटरवरची मुलगी रेघेकडे बघायची, मग माझ्याकडे,
मग म्हणायची, नवऱ्याचा चालेल.
पाच वर्षं शार्दूलचाच चालला.
झोपेतून उठवून विचारला तरी घडाघडा म्हणेन असा.
स्वतःचा रक्तगट मात्र
मी अजून फाइलीत बघून सांगते.

शेजारच्या व्हर्नन हॅस्केलने त्याचं फावडं दिलं.
लोखंडी पात्यावर कोरलेले नऊ आकडे.
मला वाटलं, कंपनीचे असतील.
"माझे आहेत," तो म्हणाला.
सत्त्याहत्तर साली पोलिसांनीच सांगितलं होतं,
कोरायचं यंत्र वाचनालयातून फुकट मिळायचं,
म्हणून गवताच्या मशीनवर, झाडून सगळ्या पान्यांवर,
लोरीनच्या सायकलच्या दांडीवर,
बायकोच्या शिलाई मशीनच्या पोटाखाली.
चोर सापडला तर वस्तू घरी यावी.
"आता म्हणतात, कोणाला सांगू नका.
आधी कोरा म्हणाले, मग गिळा."
आणि फावडं तसंच उघडं माझ्या हातात.

मी त्याला आमची भांडी दाखवली.
पातेल्याच्या काठावर टिंबाटिंबांनी
चि. सौ. कां. हेमांगी हिस, मामांकडून.
त्याने चष्मा वर करून बराच वेळ बोट फिरवलं.
"यात नंबर कुठला?"
नंबर नाही, म्हटलं, मामा आहे.

मग परवाना आला, आणि बावीस दिवसांनी पाकीट.
निळसर कागद, लग्नपत्रिकेहूनही पातळ.
लॅमिनेट करू नका. जवळ बाळगू नका.
मी देव्हाऱ्याच्या खणात ठेवला,
कापराच्या डबीखाली.
शेवटचे चार: सत्तेचाळीस, एकोणसाठ.
पोळ्या लाटताना पाठ केले, उजळणीच्या चालीवर,
आणि बँकेच्या पहिल्याच फोनला
तोंडात आधी सात आला, मग चार.
सत्तेचाळीसमध्ये सात पुढे बसतो,
एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी,
हे त्या बाईच्या आवाजातल्या यंत्राला कोण सांगणार?
जुळत नाही, ते म्हणालं.
पुन्हा गोड आवाजात, जुळत नाही.
तिसऱ्यांदा मी फोन ठेवला
आणि उगाचच आरशात पाहिलं.

व्हर्नन मार्चमध्ये गेला.
लोरीन डेट्रॉइटहून आली, आठवडाभर
अंगणात येरझाऱ्या घालत फोनवर होती.
पेन्शन, विमा, केबल, हृदयाच्या गोळ्यांचं दुकान.
कुंपणापलीकडून मला सगळं ऐकू यायचं.
प्रत्येकाने आधी शेवटचे चार विचारले,
मग म्हणाले, आम्हाला वाईट वाटतं.
शनिवारी गॅरेजमधून घरघर आली.
नाकाला रुमाल बांधून ती पान्यांवर
सँडर चालवत होती, एकेका पान्यावर.
"विकायचेत. मेलेल्यांच्या नंबरावर
लोक गाड्या उचलतात म्हणे."
सायकलच्या दांडीशी ती थांबली.
सायकल तिने विकायला ठेवली नाही.

फावडं माझ्याकडे होतं, तळघरात, बॉयलरमागे.
मी बोलले नाही.
सांगणार होते, पण तोवर ती केक घेऊन आली,
आणि केक खाताना कसं सांगायचं?

या डिसेंबरात काढलं.
पहिले तीन आकडे गंजाने खाल्लेत.
रस्त्यावरून कोणी येताना दिसलं
की मी पातं बर्फात थोडं खोल खुपसते.